शेवंतीची फुलं आणि झोपलेलं बाळ

मंडळी, मला अक्षर येत न्हाय. मी बोलते, नातसून लिहिते. आज तिचंच गाऱ्हाणं तिच्याच हातनं लिहून घेते.

सकाळी खोलीत गेले, तर चार महिन्यांचा पणतू पांढऱ्या चादरीवर गाढ झोपलेला. भोवतीनं शेवंतीची फुलं मांडलेली. ही बया स्टुलावर चढून वरनं फोटो काढत हुती.

मी वरडले, "उचल गं त्याला!"

"आज्जी, जरा थांबा की. उजेड लई छान आलाय."

आमच्या वेळी निपाणीचा फोटोवाला लेकराच्या फोटोला एकदाच यायचा, लेकरू गेल्यावर. माझ्या थोरल्याचा तेवढाच फोटो हाय. पांढरं कापड, भोवती फुलं, मिटलेले डोळे.

मीच बाळाला उचललं. पठ्ठ्यानं भोकाड पसरलं. म्हटलं, "आता काढ. नाक गळू दे, पण डोळे उघडे दिसू देत."

मग तिला थोरल्याच्या फोटोचं सांगितलं. "आज्जी, मला ठाऊक नव्हतं," म्हणून तिनं पहिला फोटो पुसला. माझ्या डोळ्यांपुढनं मात्र त्यो जात न्हाय.

तुम्ही काढता का असले फोटो? बाळ आता परत झोपलंय. मी तीनदा त्याच्या नाकाखाली बोट धरून आले. आत्ता लिहिता लिहिता ही पण उठून जाऊन आली.