हे अजून ठरवतायत

मी एका वारलेल्या माणसाला फोनवर बोलावलं, आणि वर "काही घाई नाही हं, मी थांबतो," असंही म्हणालो.

झालं असं. ॲमस्टरडॅममधल्या एका छोट्या जनमत चाचणीच्या कंपनीत मी सॉफ्टवेअर सांभाळतो. माणसांशी बोलणं हे माझं काम नाही, आणि ते का नाही हे एव्हाना कळलंच असेल. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक जवळ आली होती आणि युरोपात राहणारे अमेरिकन नागरिक कोणाकडे झुकतायत, हे आम्ही शोधत होतो. त्यासाठी माणसं ठरलेली असतात. त्यांनाच दर काही आठवड्यांनी पुन्हा विचारायचं, म्हणजे कोणाचं मन कधी पालटलं ते दिसतं. त्यात ॲमस्टरडॅमजवळच्या हार्लेमचे एक मराठी काका होते. सगळी नोकरी अमेरिकेत झालेली, नागरिकत्वही तिथलंच, निवृत्तीनंतर मुलाजवळ राहायचं म्हणून इकडे आलेले. माझी डच सहकारी त्यांना फोन करायची आणि ते तिला इंग्रजीतून भरपूर राजकारण शिकवायचे. मध्ये बरेच महिने ते काम बंद होतं. पुन्हा सुरू झाल्यावर तिने फोन लावला, तर कोणी बाई भलत्याच भाषेत बोलायला लागल्या. सहकारी माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "तुझी भाषा आहे बहुतेक. तूच बोल."

बोललो. "नमस्कार काकू. काका आहेत का? त्यांचं मत विचारायचं होतं."

"कुठलं मत? पेटीत टाकायचं की चारचौघांत सांगायचं?"

"सांगायचं. द्या ना त्यांना फोन. काही घाई नाही हं, मी थांबतो."

पलीकडे काकूंनी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाल्या, "फोनवर नाही यायचे ते. थांबा, ह्यांना विचारून येते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. सपाता फरफटत लांब गेल्या. एक दार सरकलं. मग काकूंचा बारीक आवाज, मग शांतता, पुन्हा काकू, पुन्हा जरा मोठी शांतता. सपाता परत आल्या.

"हे म्हणतात, अजून ठरलेलं नाही."

मी 'अनिश्चित'वर खूण केली, आभार मानले, आणि काय सुचलं कोण जाणे, "थंडी वाढतेय, काकांना जपा," असा सल्लाही दिला.

"जपते," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी ॲमस्टरडॅमशेजारच्या डीमनला घरी आल्यावर मी हा पराक्रम जेवताना सांगायला घेतला. मी, ज्याला बायको दुकानात बिल विचारायलाही पाठवत नाही, त्याने आज चक्क मुलाखत घेतली होती. बायकोचा हात आमटीच्या डावावरच थांबला.

"अरे, ते काका वारले ना गेल्या हिवाळ्यात! मंडळाच्या ग्रुपवर मेसेज होता. तू त्याला अंगठा दाखवला होतास."

"मी?"

"तूच. लोक हात जोडतायत आणि मध्येच एक अंगठा वर. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

आमच्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर द्यायची वेळ आली की ती परदेशी होते. ती म्हणाली, "बाबा, यू पोल्ड अ घोस्ट," आणि एकटीच हसली.

"पण उत्तर आलं ना," मी म्हणालो. मलाच माझा आवाज कसातरी वाटला.

"आणि काय रे," बायको म्हणाली, "जन्म अमेरिकेत काढलेली बाई, तुझ्या ऑफिसातल्या त्या डच मुलीशी मराठीत कशाला बोलेल? इंग्रजी येत नाही होय तिला?"

नियम सरळ होता. माणूस गेला की त्याचं नाव काढायचं. पण ह्या काकांचं प्रकरण जरा जड होतं, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. आमच्या धंद्यात ज्या प्रकारची माणसं फार थोडी सापडतात, त्यांच्या उत्तराला जास्त वजन देतात. एका माणसाच्या मागे त्याच्यासारखी न दिसलेली पुष्कळ माणसं उभी आहेत असं धरायचं. त्या वयाचे, त्या गटातले काका आमच्याकडे हे एकटेच. त्यांच्यामागे मोठी रांग होती. आजवर मला ते नुसतं गणित वाटायचं. आता ती सगळी मंडळी कोणाच्या मागे उभी आहेत, असा विचार आला आणि मी स्क्रीन बंद केला.

दुसऱ्या दिवशी काकूंना फोन करून आधी माफी मागितली, मग चाचरत म्हणालो की नाव काढावं लागेल.

"मला ठाऊक आहे हो," त्या म्हणाल्या. "क्रेमॅटोरियमला सगळ्यांत पुढे मीच बसले होते. पण आत्ता नका काढू. शनिवारी घरी या, सांगते. फोनवर नको. हे ऐकतात."

मी जायलाच नको होतं. पण नाही म्हणणं मला मराठीत जमत नाही, आणि डचमध्ये शिकतोय.

हार्लेमला पोचलो तेव्हा दुपारच होती, पण आभाळ इतकं खाली आलेलं की गल्लीतल्या सगळ्या घरांत दिवे लागलेले. पडदे कोणालाच नसतात, त्यामुळे आपण नको म्हटलं तरी दुसऱ्यांच्या दिवाणखान्यांतून चालत जातो. काकूंच्या खिडकीत, इथल्या रिवाजाप्रमाणे, सगळं जोडीने मांडलेलं: दोन कुंड्या, दोन समया. दार उघडलं ती एक ठेंगणी, नीटस बाई होती. केस नुकतेच कापलेले. वेडाची एकही खूण नाही. मला जरा हायसं वाटलं, आणि टेबलावर तीन कप दिसल्यावर ते गेलं.

बैठकीची खोली आणि मागची खोली ह्यांच्यामध्ये रेघारेघांच्या काचेचं सरकतं दार होतं. पलीकडचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. एक उंच पाठीची खुर्ची, तोंड बागेकडे.

काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, किटली सुरू केली आणि तिच्या आवाजाआड बोलू लागल्या.

"माझी मतपत्रिका आलीय पोस्टाने. आठवड्याच्या आत परत पाठवायला हवी. आमच्या घरात कधी दोन मतं पडली नाहीत. हे सांगायचे, मी खूण करायचे. मला काही वाटायचंही नाही त्याचं. पण ह्या वेळी हे भलतंच नाव घेतायत. ज्या पक्षाच्या नावाने जन्मभर बोटं मोडली, त्याच्याच माणसाला मत टाक म्हणतात. मला तो माणूस बघवत नाही हो टीव्हीवर."

"मग तुम्हाला हवं त्याला टाका ना, काकू."

"टाकीन की. आणि हे उठून निघून गेले तर?"

किटली टक्कन बंद झाली. काकूही.

चहा ओतताना त्या मोठ्याने, साध्या सुरात म्हणाल्या, "तुमच्या त्या मुलीशी मला इंग्रजीत बोलता आलं असतं. पण इंग्रजीत नवरा म्हटलं की लगेच आहे की होता ते सांगावं लागतं. मराठीत नुसतं 'हे' म्हटलं की माणूस खोलीतच असतो."

मला आमचं घर आठवलं. मला कोणी 'हे' म्हणत नाही. बायको 'हा' म्हणते, तेही फोनवर तिच्या आईशी बोलताना, तक्रारीच्या सुरात. तरी मी असतो खोलीत.

"विचारते हं," म्हणून काकू काचेपलीकडे गेल्या आणि दार ओढून घेतलं. मी बघायचं नाही असं ठरवून बघत राहिलो. त्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. बोलल्या. थांबल्या. मान हलवली. मध्येच काही बोलायला गेल्या आणि कोणीतरी तोडल्यासारख्या थांबल्या आणि डोळे पुसू लागल्या.

इथे मला धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. काही जण फोन न करताच मुलाखती बनवून पाठवतात. त्या पकडायची चाचणी मीच लिहिली आहे. खोटा माणूस अडखळत नाही. त्याची उत्तरं नीटनेटकी असतात, मागच्या फेरीशी जुळतात. खरा माणूस घोळ घालतो, आडवळणाने जातो, आपलंच बोलणं फिरवतो. ही चाचणी चांगली आहे. एकदा मी गंमत म्हणून स्वतःची उत्तरं भरली, तर तिने मला बनावट ठरवलं. आणि काचेपलीकडच्या त्या शांतता मी मोजल्या नाहीत, पण ऐकल्या. त्या बरोबर होत्या. एखादं वाक्य मावेल इतक्याच. काकूंना ज्या उत्तराने रडू येत होतं, ते उत्तर काकूंनी कशाला बनवलं असतं?

मग खुर्ची करकरली. वजन एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर गेल्यावर करकरते तशी. काकू उभ्या होत्या, खुर्चीपासून हातभर लांब.

हार्लेममधली जुनी घरं करकरतात. हे मी स्वतःला स्टेशनपर्यंत समजावत गेलो. निघताना काकू डोळे पुसून एवढंच म्हणाल्या होत्या, "बघा. तेच म्हणतात." तिसऱ्या कपातला चहा कोणी प्यायलेला नव्हता, एवढं मी नक्की पाहिलं. पण त्याची वाफ माझ्या कपाच्या आधी संपली होती.

प्रश्नांची शेवटची फेरी आली. काकांचं नाव मी काढलेलं नव्हतं. सहकारी दोनदा विचारून गेली. मी म्हणालो, आज बोलतो आणि मिटवतो. कंपनीतल्या छोट्या खोलीत जाऊन दार लावलं आणि फोन केला.

"आलास का रे," काकू म्हणाल्या. शनिवारपासून मी 'अरे' झालो होतो. "थांब हं, ह्यांना विचारते."

"काकू, नको."

"म्हणजे?"

"ह्यांचं नको. तुमचं मत सांगा."

 मग काकू हळूच म्हणाल्या, "माझं काय विचारायचंय त्यात."

"तुम्ही सांगाल ते. मतपत्रिका पाठवली?"

"समोरच आहे. पेनही आहे." आवाज आणखी खाली गेला. "हे इथेच आहेत. आज बाहेरच्या खोलीत येऊन बसलेत."

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, हे मी लेखकासारखं म्हणत नाही. माझ्या डोक्यावर फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे मानेवरचे नीट कळतात. फोन ठेवून द्यावा असंही वाटलं. पण त्या बाईला त्या खोलीत एकटी सोडायची, की एकटी नसताना सोडायची, हेच मला ठरवता येईना.

"मी आहे फोनवर," मी म्हणालो. "सांगा."

आणि काकूंनी नाव सांगितलं. त्यांना स्वतःला हव्या असलेल्या उमेदवाराचं. एकदा पुटपुटत, मग पुन्हा, मोठ्याने, खोलीला ऐकू जाईल असं.

पाठोपाठ फोनमध्ये जे आलं, ते मी नंतर खूपदा आठवून पाहिलं. काहीतरी जड उठलं. लाकूड करकरून मोकळं झालं. पावलं ऐकू आली असं मी म्हणणार नाही, कारण पावलं म्हणण्याइतकी ती स्पष्ट नव्हती. मग एक दार, आणि त्याबरोबर रस्त्याचा आवाज आत आला. सायकलची घंटा, पावसात जाणारी गाडी.

"उठले," काकू म्हणाल्या. "दार सताड उघडं टाकून गेले बघ. थांब हं, लावून येते."

सपाता गेल्या. मी वाट पाहत राहिलो. रस्त्याचा आवाज बराच वेळ तसाच येत होता. त्या दारात उभ्या असणार, गल्लीत बघत. मग कडी लागली आणि पलीकडचं घर, फोनमधूनही कळावं इतकं, रिकामं झालं.

"बोल," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता, थकलेला, नुकतेच पाहुणे गेल्यावर असतो तसा. "ते गेले."

हे नाही. ते.

मी सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, "माझं लिहून घेतलंस ना?"

"घेतलं," मी म्हणालो. आमच्या यादीत काकू नव्हत्याच.

"मग ठीक. पाकीट बंद करते. पाऊस थांबला की टाकून येते पेटीत."

त्या दिवशी मी काकांचं नाव काढलं. सॉफ्टवेअरने नेहमीसारखं विचारलं, नक्की का, आणि मी हो म्हटलं. त्यांच्यामागची सगळी रांगही गेली. ती कुठे गेली, हे विचारायची सोय मी त्यात ठेवलेली नाही.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पलंगाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. दार, पाऊस, ते रिकामं झालेलं घर. म्हणालो, त्या बाईजवळ तेवढंच उरलं होतं, आणि मी एक प्रश्न विचारून तेही घालवलं. आणि म्हणालो, खरं सांगू, मला भीती वाटतेय.

तिने माझ्या एका मोज्याचा जोडीदार शोधला, तो सापडला नाही, तो बाजूला टाकला आणि म्हणाली, "बायकोने आपलं मत सांगितलं आणि नवरा उठून गेला. ह्यात भुताचं काय आहे? जिवंत असलेलेही हेच करतात. रविवारी बोलाव तिला जेवायला. आणि एकट्याच येणार का, असं बावळटासारखं विचारू नकोस. मी एक पान जास्तीचं मांडते."