तीन व्होल्टच्या कानात बारा व्होल्ट

शहाणपणा करून जाळलेल्या यंत्रांचे किस्से जमवावे लागत नाहीत. बंदराच्या धक्क्याजवळ रिपेअरिंगचं दुकान टाका आणि गप्प बसा. लोक पिशवीत घालून आणून देतात!

भानगड एवढीच असते. हातात मावणारी दोन यंत्रं वायरने एकमेकांना माहिती देतात. पण एक बारा व्होल्टमध्ये बोलतं, दुसऱ्याला तीनच झेपतात. मध्ये लेव्हल कन्व्हर्टर नावाची टिचभर पट्टी लावायची. तेवढं करायला सगळ्यांना कमीपणा वाटतो.

किहीमचे एक वाडीवाले, फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक. वारा मोजायचं यंत्र नोंदी ठेवणाऱ्या यंत्राला थेट जोडून धूर काढला. वर म्हणाले, "व्होल्टेज थोडंसंच जास्त होतं हो!" या माणसाने पोरांचे पेपर कसे तपासले असतील, देव जाणे.

हरिहरेश्वरच्या एका लॉजवाल्याने वॉकीटॉकीला जीपीएस जोडून दोन्ही घालवले. "प्लग बसला ना? मग चालायलाच पाहिजे!"

मी म्हटलं, "माझी चप्पल तुमच्या पायात बसते. घालून जाणार का?"

तो रागाने उठून गेला. नंतर बघतो तर चप्पल खरंच घालून गेला होता!

म्हसळ्याच्या जमीन मोजणीवाल्याचं उलटं. त्याचं यंत्र तीन व्होल्टचं, समोरचं बाराचं, त्यामुळे समोरच्याला काही ऐकूच जाईना. फोनवर ओरडत होता, "व्हॉल्यूम फुल्ल केला, तरी डेटा जात न्हाय!"

पण सगळ्यांवर कडी केली धर्मा तांडेलाच्या इंजिनियर जावयाने. धर्माकाकांच्या जुन्या जीपीएसमध्ये मासळीच्या जागांचे पॉइंट होते, वीस वर्षं समुद्रात फिरून जमवलेले. असे पॉइंट इथे कुणी सख्ख्या भावाला दाखवत नाही. जावयाने ते नव्या सेटमध्ये घ्यायला वायर थेट जोडली. नवा बाराचा, जुना तीनचा. जुना पॉइंटसकट जळाला! काका माझ्या दुकानात डोकं धरून बसले. मला फार वाईट वाटलं.

काका एकदम उठले आणि धक्क्यावर पांडू नाखव्यासमोर जाऊन उभे राहिले. यानेच आपले पॉइंट चोरले म्हणून दहा वर्षं ते त्याच्याशी बोलत नव्हते.

"पांडू, माझं पॉइंट तू चोरलंस ना? मग दे आता परत!"

पांडूने मान खाली घातली आणि आपला सेट आणून दिला. मी मध्ये कन्व्हर्टर लावून सगळे पॉइंट काकांच्या नव्या सेटमध्ये घेतले. काकांनी मोजले.

"माझं एकतीस व्हतं. ह्यात तर चाळीस हायत!"

पांडू दचकला. "अरे, वरचं नऊ माझं हायत!"

काकांनी सेट खिशात टाकला. "मग आता धा वरसं तू नको बोलूस माझ्याशी!"