ज्या पायऱ्यांना माझीच मंजुरी होती

नांदेडच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरली आणि विचारलं, "ताई, चालताना पायातली चप्पल निघून जायची, पण कळायचं नाही, असं झालं का?"

मी हो म्हणाले. यांना कसं कळलं, याचंच नवल वाटलं.

"याला ट्रान्सव्हर्स मायलायटिस म्हणतात. पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो, दोरीसारखा. त्याला एका जागी सूज आलीय. मेंदूचा निरोप तिथून खाली जात नाही. काही लोक पूर्ण उभे राहतात, काही थोडे, काही नाही. पहिले सहा महिने महत्त्वाचे."

माझे मालक मारोतराव शेजारी उभे होते. "साहेब, पेरणीपर्यंत चालंल का ती?"

"औषध आजच सुरू करू," एवढंच डॉक्टर बोलले.

आठ दिवस आधी तळपायाला मुंग्या आल्या होत्या. मग कमरेला कुणी पट्टा आवळल्यासारखं झालं. चप्पल एकदा अंगणात राहिली, एकदा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर. आम्ही वात समजून तीन दिवस तेल चोळलं. चौथ्या दिवशी लघवी अडली, तेव्हा कुठं गाडी केली. तुमच्या घरी कुणाचे पाय असे बधिर झाले आणि लघवी अडली, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

पाठीतून सुईनं पाणी काढलं. त्याला लंबर पंक्चर म्हणतात. नावाची भीती जास्त, दुखणं कमी. पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉईड दिलं, म्हणजे सूज उतरवायचं औषध.

पडल्या पडल्या मला चालणंच आठवायचं. आमचं माहेर याच गावातलं, मेंढरांचं. बाबांच्या मागं मी कयाधू नदीच्या काठानं कोसभर चालायची. तापलेली माती, ओली वाळू, मग हरळी. डोळे मिटले की प्रत्येकाचा स्पर्श तळपायाला वेगळा कळायचा. कळमनुरीच्या बाजाराला आम्ही पायीच जायचो. बाबा म्हणायचे, "मेंढरामागं चालणाऱ्याला रस्ता लागत न्हाई." खाटेवरून मी पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करायची आणि त्या वाटा एकेक करून चालून यायची.

अंगठा हलला नाही.

सहा महिने दर आठवड्याला हिंगोलीला फिजिओथेरपी केली, म्हणजे व्यायामाचे उपचार. डाव्या गुडघ्यापर्यंत स्पर्श परत आला. पाय मात्र उभे राहिले नाहीत. मग चाकाची खुर्ची आली आणि दिव्यांगाचं कार्ड आलं. कार्डावरचा फोटो बघून मी त्या दिवशी जेवले नाही.

पुढं ग्रामसभेची दवंडी झाली आणि मी म्हणाले, "मला जायचंय." आमच्या आळीचा नळ चार महिने बंद होता. शिवाय मी पूर्वी पाच वर्षं पंचायतीची सदस्य होते. सभा मला नवी नव्हती.

पंचायतीच्या इमारतीला पाच पायऱ्या आहेत. मारोतरावांनी तिघांना हाक मारली आणि चौघांनी मला खुर्चीसकट उचललं. तिसऱ्या पायरीवर खुर्ची कलली. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत सरकलं आणि सगळे पुरुष दुसरीकडं बघायला लागले. मेंढरू टेम्पोत चढवतात, तसं मला चढवलं. त्या दिवशी मी सभेत तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर आठवलं. ही इमारत माझ्याच काळातली. नकाशा टेबलावर फिरला होता. इंजिनिअरनं विचारलं होतं, "काही सूचना?" मी म्हणाले होते, "पायऱ्यांना चांगली चकचकीत फरशी लावा." आणि ठरावावर सही केली होती.

तेव्हा आमच्या गावात धोंडिबामामा होते. लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. हातांवर सरकत यायचे आणि पायऱ्यांच्या खाली बसून ओरडायचे, "जरा मोठ्यानं बोला रे!" आम्ही वर बसून हसायचो. वाटायचं, मामांना बाहेरच बसायला आवडतं. मामा आता नाहीत. माफी मागायची तर कुणाची?

फिजिओथेरपीच्या मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, हे उपकार मागणं नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. सरकारी इमारत नवी असो की जुनी, तिथं तुम्हाला आपलं आपण जाता आलं पाहिजे. ते करणं पंचायतीचं कर्तव्य आहे. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या."

ग्रामसेवक तरुण, स्वभावानं बरे. अर्ज बघून म्हणाले, "ताई, तुमी काहून तकलीफ घेता? मी रजिस्टर घरी पाठवून देतो, सही करा."

"सही घरी होईल हो. पण माझं बोलणं कुठं होईल?"

कायद्याचा कागद मी अर्जाला जोडला होता. तो त्यांनी उभ्या उभ्या दोनदा वाचला. "खरं सांगतो ताई, मला न्हाई ठाऊक होतं हे."

मी म्हणाले, "मला तरी कुठं होतं?"

पायऱ्यांशेजारी खुर्ची चढेल असा उतार, म्हणजे रॅम्प, बांधायचं ठरलं. ते काम होईपर्यंत पुढची सभा त्यांनी शाळेच्या मैदानात घेतली. सगळे जमिनीवर सतरंजीवर बसले. मला एकदम लहानपणच्या सभा आठवल्या. तेव्हा गावाला इमारतच नव्हती. मारुतीपुढच्या चिंचेखाली लोक बसायचे. बाबा घोंगडं खांद्यावर टाकून कडेला उभे राहायचे, मेंढरं मागं चरायची. धोंडिबामामा तेव्हा पार मधोमध बसायचे आणि सगळ्यांत जास्त बोलायचे. इमारत आली, गावाची मान उंचावली आणि मामा खाली राहिले.

उतार बांधला, तो आठ फुटांचा. नुसती घसरगुंडी! पहिल्याच दिवशी खुर्ची मागं सुटली, मारोतरावांनी छातीवर झेलली. मॅडमनी सांगितलेलं माप मला पाठ होतं: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. मी पुन्हा अर्ज दिला. मिस्त्री कुरकुरला, सरपंच म्हणाले, "आता झालं ते झालं." पण ग्रामसेवकांनी स्वतः टेप लावली. पायऱ्यांची उंची अडीच फूट, म्हणजे उतार तीस फूट. भिंतीला धरून, मधे वळण घेऊन उतार पुन्हा बांधला. दोन अर्ज आणि सात महिने लागले. तुमच्या गावात याहून जास्त लागतील. पोच जपून ठेवा.

नव्या उतारावरून मी एकटी वर गेले. हात भरून आले, मधल्या वळणावर थांबावं लागलं, पण पाठीला कुणाचा हात नव्हता.

सभेत मी नळाचा विषय काढला. वरच्या आळीचे गणपतराव उठून ओरडले, "ओ बाई, मागच्या साली तुमच्याच आळीला पाईप टाकला की! सारखं तुमचंच काहून? बसा गप!"

"बसलेलीच हाय मी!" मी ओरडले. "पाईप टाकला, पाणी कुठं हाय? चला, आत्ता दाखवते!"

मारोतराव माझी बाही ओढत होते. "सोड ना आता."

मी सोडलं नाही. दीड वर्ष झालं होतं. दीड वर्ष सगळं गाव माझ्याशी हळू आवाजात, मान कलती करून बोलत होतं. माझ्याशी कुणी भांडलंच नव्हतं. त्या दिवशी गणपतराव लालबुंद होऊन माझ्यावर पूर्ण आवाजात ओरडले आणि मला बरं वाटलं.

डॉक्टरांचे, मॅडमचे, ग्रामसेवकांचे आभार मी मानलेत. गणपतरावांचे तेवढे राहिलेत. पण नळाला पाणी येऊ द्या आधी.