नंदुरबारच्या बाजारात कॉम्प्युटरची शर्यत

शहाद्याच्या फोटोवाल्या भाऊंचा फोन आला तेव्हा मी तुळशीला पाणी घालत होते. "काकू, यंदा लग्नांचं काम सुरतला देतो म्हणतो. म्हसावदला वेळेत होत नाही."

माझी मुलगी कल्याणी घरी बसून लग्नांचे व्हिडिओ जोडून देते. काम देखणं, पण आमचा जुना कॉम्प्युटर एक लग्न आज रात्री घ्यायचा आणि परवा सकाळी द्यायचा, तेही लाइट राहिली तर. मी भाऊंना गळ घातली, तेव्हा ते म्हणाले, "एक लग्न पेनड्राइव्हवर पाठवतो. दोन दिवसांत आलं तर सगळा सीझन कल्याणीचा. नाहीतर सुरत."

कल्याणीचा चेहरा एवढासा झाला. घरचा हिशेब माझ्या हाती. दुधाच्या पैशातून सोन्याच्या बांगड्यांसाठी बाजूला ठेवलेलं होतं. बांगड्या काय, कधीही होतील. प्रकाशाच्या केदारेश्वराला नारळ बोलले आणि पेनड्राइव्ह हातात पडताच नवा कॉम्प्युटर घ्यायला नंदुरबारला निघालो.

जाणार असाल तर सांगते, म्हसावदहून शहादा, तिथून प्रकाशामार्गे नंदुरबार, एसटीच बरी. बायकांना अर्धं तिकीट. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा घरून नेला, म्हणजे हॉटेलात खर्च फक्त चहाचा. बदल्यात देता येईल म्हणून कॉम्प्युटरचा जुना डबाही गोधडीत गुंडाळून घेतला होता. तो सीटवर ठेवला तर कंडक्टर म्हणाला, "हाई काय शे वं माय? देव शे का?"

"दसऱ्याला पूजा होते त्याची. देवच समजा."

"मंग देवले मांडीवर ल्या. सीट मानूससाठे शे!"

सगळी गाडी हसली. तापीच्या पुलावर मी हात जोडले, तेव्हा देव मांडीवरच होता. नंदुरबार जवळ आलं की पाटी वाचावी लागत नाही. पथारीवर वाळणाऱ्या मिरच्यांचा खकाणा खिडकीतून येतो आणि गाडीभर ठसका लागतो.

बाजारात कॉम्प्युटरची दोन दुकानं समोरासमोर आहेत. आधी कांतीभाईंकडे गेलो. वयस्क माणूस, तीन पिढ्यांपासून इथलाच गुजराती. त्यांनी आमचा डबा उघडून वाकडा केला, तर आतून तांदूळ सांडले.

"भाभी, हाऊ कॉम्प्युटर शे का कुकर?"

दरवर्षीच्या दसऱ्याच्या अक्षता! वरच्या जाळीतून पडत गेल्या असणार. पंख्यावर कुंकवाचा थर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि हसूही आवरेना.

कांतीभाईंनी रंगीत दिव्यांचा एक झकास डबा दाखवला. किंमत ऐकून मी पदर सावरला. तेवढ्यात समोरून सुनीलभाऊंची हाक आली, "ताई, इकडे बघा! तेवढाच पळतो, भाव कमी!" त्यांच्या डब्यातला प्रोसेसर दुसऱ्या कंपनीचा. कल्याणीने मोबाईलवर दोन्हींबद्दल वाचलेलं. "माय, कोणी याले चांगला म्हनस, कोणी त्याले."

माझं माहेर सारंगखेडा. दत्ताच्या यात्रेत आमच्याकडे घोड्याचा बाजार भरतो, आणि तिथे कोणी घोड्याचं नुसतं रूप बघून पैसे मोजत नाही. मी म्हटलं, "दोन्ही शेजारी ठेवा आणि पळवून दाखवा."

"माय, काय बी बोली ऱ्हायनी तू!" कल्याणी कानात पुटपुटली.

पण सुनीलभाऊंनी आपला डबा काखेत मारला आणि रस्ता ओलांडून थेट कांतीभाईंच्या टेबलावर आणून ठेवला. आता कांतीभाई नाही कसं म्हणणार? पेनड्राइव्हमधलं तेच लग्न दोघांवर चढवलं आणि कल्याणीने बटणं दाबली. पडद्यांवर दोन पट्ट्या पुढे सरकू लागल्या. शेजारचा भांडेवाला आला, चहावाला किटली घेऊन तिथेच थांबला. लोकांनी चहाच्या पैजा लावल्या.

सुनीलभाऊंचा डबा जिंकला!

"थांबा," कांतीभाई उठले. "मन्हामा रॅमनी एकच पट्टी शे. जोडी लावू द्या." जोडी लावली. दुसऱ्या फेरीत त्यांचा डबा नाकभर पुढे. मग सुनीलभाऊ धावत जाऊन नव्या पिढीचा प्रोसेसर घेऊन आले, आणि तोही जुन्याच भावात देतो म्हणाले. कांतीभाईंनी भाव उतरवला. आम्ही मायलेकी स्टुलावर बसून भाकरी खात होतो आणि आमचा कॉम्प्युटर बसल्या जागी सुधारत होता.

"पहिले एकाच कंपनीनं राज्य होतं," कांतीभाई घाम पुसत म्हणाले. "आते दोन्ही सवती भांडतस, आनि लुगडं तुमले भेटस."

तिसरी फेरी सुनीलभाऊंची. तरी मी कल्याणीकडे पाहिलं, काम तिचं आहे. तिने एकच विचारलं, "चार वर्षांनी हा मागे पडला तर?" सुनीलभाऊ म्हणाले, "याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसेल. डबा तोच." म्हणजे गोधडीला नवं ठिगळ लावायचं, गोधडी टाकायची नाही. तिथेच ठरलं. लाइटीसाठी यूपीएस मात्र कांतीभाईंकडून घेतला. त्यांनी जुन्या डब्याचेही पैसे धरले आणि बजावलं, "भाभी, नवाले नुसता नमस्कार करा!"

परतताना प्रकाशाला उतरून नारळ फोडला. कल्याणी बाहेर पायरीवर डब्याला मिठी मारून बसली होती.

घरी आल्यावर दिवा लावला, अक्षता समोर ताटलीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सांजेपर्यंत कल्याणीने लग्न जोडलं आणि पट्टी चालू केली, तेव्हा मी डाळीचे फुणके वाफवायला ठेवून कढी करायला घेतली. कढीला उकळी यायच्या आत आतून हाक आली, "माय, झालं!" मी पळीसकट धावले. पट्टी टोकाला पोचली होती.

सकाळीच व्हिडिओ शहाद्याला गेला. दुपारी भाऊंचा फोन. "काकू, खरं सांगा. सुरतच्या कोणाकडून करून घेतलं?"

मी फोन कल्याणीला दिला. ती शांतपणे म्हणाली, "दादा, शेवटपर्यंत बघा ना."

शेवटी वरात निघून गेल्यावर पडदा काळा होतो आणि अक्षरं येतात : संकलन – कल्याणी, म्हसावद. खाली "जिल्हा नंदुरबार" मी लिहायला लावलं.

सगळा सीझन आमच्याकडे आला. हातात अजून काचेच्याच बांगड्या आहेत, आणि त्या रोज त्या डब्यासमोर वाजतात. नमस्कार लांबूनच करते.