चिंचेने खाल्लेला ओटा

डोंबिवलीला आम्ही दोन खोल्यांचं घर बांधलं तेव्हा उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा मी भांडून मिळवला. सासूबाईंना तो मुळीच पसंत नव्हता. उभं राहून रांधायला आपण काय खानावळीतले आचारी आहोत का, असं त्या येईल त्याला ऐकवायच्या. पण यजमान माझ्या बाजूने राहिले, ठाण्याहून काळ्या कडप्प्याची लादी आली आणि मी पदर खोचून ओट्यापाशी उभी राहिले. लादीत तोंड दिसायचं. खोटं कशाला बोलू, मला फार गर्व झाला होता.

दिवाळी तोंडावर आली तशी मी घरातली सगळी पितळी भांडी ओट्यावर मांडली आणि चिंच-राखेने घासून लख्ख केली. भांडी उचलली तर खाली पांढरट डाग. पितळ चिंचेने स्वच्छ निघतं, मग दगड का निघणार नाही, म्हणून मी डागांवर आणखी चिंच चोळली. मग लिंबू. दुपारपर्यंत अर्धा ओटा पीठ सांडल्यासारखा दिसायला लागला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

सासूबाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. "दिवाळी झाली की गवंड्याला बोलवा," त्या म्हणाल्या. "हा फोडून खाली चूल घालू."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. ओटा फुटला असता तर त्या घरात माझ्या शब्दाला पुन्हा कोणी विचारलं नसतं.

दोन दिवसांनी पाट्याला टाकी लावणारी बाई गल्लीत आली. तिने अंगणात बसून छिन्नीने आमचा पाटा टाचून दिला. परक्या बाईला स्वयंपाकघरात घ्यायचं नाही हा सासूबाईंचा नियम. त्या विहिरीवर गेल्या आणि मी तिला थेट आत नेलं. तिने लादीवरून तळवा फिरवला.

"ह्यो डाग न्हाय, बाई," ती म्हणाली. "आंबटानं दगुड खाल्लाय. आनखी चिंच लावशील, तर आनखी खाईल."

तिने झोळीतून झिजून गुळगुळीत झालेला दगड काढून दिला. पाणी घालून सावकाश घासायचं, पुसून कोरडं करायचं, शेवटी तेलाचं फडकं फिरवायचं. चार दुपारी मी घासत होते. खांदे भरून आले. पाचव्या दिवशी खोबरेल फिरवलं आणि लादी पुन्हा काळीभोर झाली. मी एकटीच मोठ्याने हसले. तेव्हापासून पितळ परसात घासायचं, लिंबू पाटावर कापायचं आणि आमटी सांडली की हातातलं काम टाकून आधी ती पुसायची, असा कायदा मी केला.

सासूबाईंनी ओटा पाहिला आणि त्या आपल्या कामाला लागल्या. पाडव्याला सकाळी मात्र मला बाजूला सारून त्यांनी स्वतः शेगडीवर पातेलं चढवलं. बराच वेळ त्या ढवळत उभ्या होत्या.

"गुडघे दुखत नाहीत गं असं," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही."

गवंडी कधी आला नाही. त्या दिवसापासून ओटा त्यांचा झाला आणि मी खाली बसून आनंदाने भाजी चिरायला लागले.