चिमटीमावशीचे गुबगुबीत कोष

चिमटीमावशीला कामात कुणी घाई केलेली खपत नाही. प्रयोगशाळेत आली तेव्हा पहिल्याच दिवशी एका संशोधिकेने तिला जरा पटापट आवरायला सांगितलं, तर हिने पातेल्याचं झाकण खाली ठेवलं, एप्रनला हात पुसले आणि शांतपणे विचारलं की रेशीम तुम्ही उकळणार आहात की मी. तेव्हापासून तिच्या वाटेला कुणी जात नाही. सगळे तिला वचकूनच असतात, आणि तिच्याशिवाय कुणाचं पानही हलत नाही.

हे नाव मात्र तिला आधीच्या कारखान्यातलं चिकटलेलं. उमेदीची सगळी वर्षं तिने कोषांपासून धागा काढणाऱ्या कारखान्यात घालवली. गरम पाण्यात कोष फिरत असायचे, आणि ती एखादा कोष चिमटीत धरून सांगायची, झाला की नाही ते. जास्त शिजला की कोष लिबलिबीत होतो, धागा तुटतो आणि मुकादम डोक्यावर येऊन बसतो. म्हणून कोष पुरता मऊ व्हायच्या आत काढायचा. त्याच्या अंगचा डिंक थोडा राहू द्यायचा, कारण धाग्याला धरून ठेवतो तो डिंकच. ही गोष्ट बोटांत इतकी मुरलेली की झोपेतसुद्धा हिची चिमटी हलते, असं तिचा नवरा चारचौघांत सांगतो. नवरा शिंपी आहे. शाळेशी त्याचं फारसं कधी जमलं नाही, पण शिंप्याला सगळेच मास्तर म्हणतात, आणि मास्तरही आढेवेढे न घेता ओ देतात.

कारखाना बंद पडला आणि मावशी प्रयोगशाळेत लागली. तिथे सगळाच उलटा कारभार. डिंक जराही राहता कामा नये. सोडा घातलेल्या पाण्यात कोष खळाखळा उकळायचे, घड्याळाची घंटी होईपर्यंत. तोवर त्यांचा पार लगदा होतो. मग धुवायचा, वाळवायचा, वजन करायचं. पुढचं काम प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमचं. त्या ते रेशीम विरघळवून त्याचं थलथलीत जेल करतात. हे जेल जखमेत भरायचं, आणि त्याच्या आधाराने शरीराने आपलं मांस हळूहळू भरून आणायचं, अशी सगळी खटपट. रेशीम शरीराला चालतं, पण डिंक राहिला तर शरीर खवळतं, लाली येते, सूज येते, हे मॅडमनी तिला सुरुवातीलाच बजावलं होतं. मॅडम बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवत नाहीत. मावशीने मान डोलावली. लगदा बघून दरवेळी तिचा जीव हळहळायचा, चांगल्या मालाचं वाटोळं म्हणून ती पुटपुटायची, पण घंटी वाजल्याशिवाय पातेल्याला हात लावायची नाही.

मास्तरांना साखरेचा आजार. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली ती काही केल्या भरेना. दवाखाने पालथे घालून झाले, मलमं झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं की फार वाट बघता येणार नाही, अंगठा काढावा लागेल. मास्तर वरवर थट्टा करायचे की चला, एका बुटात जरा ऐसपैस होईल. मावशीला त्या थट्टेचा भयंकर राग यायचा. शिलाई मशीनच्या पायडलवर तोच पाय असतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं?

अशात एका रुग्णालयात हे जेल पहिल्यांदा माणसांवर वापरून बघायचं ठरलं. मास्तर तिथल्याच डॉक्टरांकडे जायचे, आणि त्यांचं नाव पहिल्या तुकडीत लागलं. मावशीने मॅडमना लगेच सांगितलं. मॅडम म्हणाल्या, निवड डॉक्टरांची आहे, त्यात आपण नाक खुपसायचं नाही, आपण आपलं रेशीम नीट करू. मावशी त्या दिवशी घरी गेली ती हवेतच.

त्या तुकडीच्या जेलच्या लॉटसाठी कोष आले ते बघत राहावं असे. पांढरेशुभ्र, गुबगुबीत. तिने एकेक निवडून घेतला. पातेलं खळाळायला लागलं आणि तिला राहवेना. हे रेशीम मास्तरांच्या पायात जायचं होतं. ते असं गळपटलेलं जाऊन कसं चालेल, चांगलं दमदार राहायला नको? तिने चिमटीत एक कोष धरून पाहिला. कारखान्यात असता तर अगदी बेतावर होता. घंटी व्हायच्या आत तिने पातेलं उतरवलं. आपण चुकतोय असं तिच्या मनातही आलं नाही. उलट आपल्या माणसासाठी काहीतरी खास केल्याचं समाधान वाटलं. वाळल्यावर वजन थोडं जास्त भरलं, पण कोषच जाडजूड होते, म्हणून मॅडमनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

माणसाआधी सशांची पाळी असते. त्यांच्या कातडीखाली जेलचा थेंबभर सोडून बघतात. काही सशांना त्या जागी लाली आली, थोडी सूजही. मॅडमनी पाणी तपासलं, भांडी तपासली, जंतू तपासले. सगळं स्वच्छ. लाली थोड्या दिवसांत ओसरतेय, एवढं नियमात बसतं, असं त्यांच्या सहकाऱ्याचं मत पडलं. मॅडम म्हणाल्या की उद्या ठरवू. मावशी तिथेच बाजूला भांडी घासत होती. काय झालंय ते त्या खोलीत एकट्या तिलाच कळलं होतं.

गप्प राहिलं तर लॉट पास होणार होता आणि मास्तरांना लगेच जेल मिळणार होतं. सांगितलं तर नवे कोष, नवं जेल, पुन्हा ससे. त्यात महिने जाणार, आणि अंगठ्याकडे तेवढे महिने नव्हते.

घरी आली तेव्हा मास्तर बादलीत कापड भिजवत होते. नवीन सुती कापड आधी पाण्यातून काढल्याशिवाय ते कात्री लावत नाहीत. तिचा चेहरा बघून त्यांनी काय झालं विचारलं. तिने सगळं सांगितलं, आणि लॉट कदाचित तसाच पास होईल हेही सांगितलं.

मास्तरांनी कापड बादलीत खाली दाबलं.

"कापड आटायचंच असेल तर माझ्या बादलीत आटू दे," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाच्या अंगावर आटलेलं मला चालत नाही. आणि त्या तुकडीत मी एकटा थोडाच आहे? उद्या सांगून टाक."

"अहो, पण अंगठा?"

"अंगठा माझा आहे. त्याचं मी बघतो."

सकाळी तिने मॅडमना सांगितलं. मॅडमनी उरलेल्या रेशमाचा धागा काचेवर घेऊन त्यावर रंगाचा थेंब टाकला. डिंक असला की या रंगाने धागा लाल दिसतो, आणि तो लालच दिसला. मॅडम भडकल्या. घंटी काय शोभेला लावली आहे का, असं त्यांनी खडसावलं. मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या की वजन जास्त भरलेलं मीही नजरेआड केलं. सगळा लॉट फेकून दिला. आता प्रत्येक लॉटवर आधी तो रंगाचा थेंब पडतो, आणि तो टाकायचं काम मॅडमनी मावशीलाच दिलं आहे.

नवा लॉट तयार होण्याआधी मास्तरांचा अंगठा गेला. मास्तर काही लागेल असं एकदाही बोलले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. डाव्या पायाने पायडल मारायला ते शिकले. टाके वाकडे यायचे, ते उसवून पुन्हा घालायचे.

अंगठा काढलेली जागाही नीट भरेना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पुढच्या तुकडीत घेतलं. तोवर नव्या लॉटचे ससे शांत होते, आणि तेच जेल मिळालेली पहिल्या तुकडीतली माणसंही ठणठणीत होती. डॉक्टरांनी पाकीट उघडलं. मास्तरांनी आधी जेलकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"अगं, नीट उकळलंस ना?"

"पार लगदा होईपर्यंत," ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांचं रडू तिला तिथेच, सगळ्यांसमोर फुटलं.

मास्तरांनी तिचा हात हातात घेतला आणि डॉक्टरांना म्हणाले, "भरा."