एका गावात दोन हुकूम

लेकीचं वय सतरा. त्यामुळे सैन्यात जायला आईवडिलांची संमती लागत होती, आणि आमच्या घरात ती अर्धीच मिळाली होती. ह्यांनी पहिल्याच दिवशी सही ठोकली. ह्यांचे पणजोबा पलटणीत होते. पलटणीत गेले म्हणून लिहा-वाचायला शिकले आणि पुढची पिढी शाळेत गेली. इथे इंग्लंडात, लीड्सच्या आमच्या घरी पाहुण्याला चहाच्या आधी ही गोष्ट मिळते. माझी सही बाकी होती. जिवाला घोर लागला होता, आणि घोर लागला की मी भांडते.

त्या शनिवारी ती स्वयंपाकघरात इतिहासाचा निबंध लिहीत बसली होती आणि मी कणीक मळत होते.

"शपथ कुणाची घेतात गं?"

"किंगची. आणि त्याच्या वारसांची."

"संविधानाची नाही?"

"आई, इथे तसा एक बुक नाहीच आहे."

माझे हात कणकेतच थांबले. आमच्याकडे बारसं असो की लग्न, त्रिशरण-पंचशील झालं की संविधानाची उद्देशिका वाचतात. इथल्या नागरिकत्वाची शपथ मी स्वतः घेतली होती, तरी या इंग्रजांच्याही कपाटात तसं पुस्तक असणार, असंच मी धरून चालले होते.

"मग उद्या राजाचं आणि पार्लमेंटचं बिनसलं, तर फौज कुणाची?"

"ओ माय गॉड, आई, दॅट्स लिटरली माय एसे!"

तिने सांगितलं ते असं. १६४१ साली आयर्लंडात बंड झालं. ते मोडायला फौज हवी, हे राजा आणि पार्लमेंट दोघांनाही मान्य. पण राजा ती आपल्यावरच सोडेल, ही पार्लमेंटला धास्ती. म्हणून त्यांनी राजाच्या संमतीशिवायच सैन्याचा ताबा घेणारा हुकूम काढला. राजानेही उलटे हुकूम सोडले. इथून जवळच, हल नावाच्या शहरात, शस्त्रांचा साठा होता. राजा स्वतः वेशीपाशी आला, तर आतल्यांनी दार उघडलं नाही.

"गावागावात दोन ऑर्डर्स, सेम माणसांना. मग सिव्हिल वॉर."

मला राजा दिसेना की पार्लमेंट दिसेना. ती माणसंच दिसत होती, सतरा-अठरा वर्षांची. त्यांच्या आयांना कुणी विचारलं होतं?

"आता राजा नावापुरता आहे," हे बाहेरच्या खोलीतून म्हणाले.

"अहो, मग शपथ त्याची कशाला?" मी ओरडले. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी लेकीसमोर बसले. "तुझ्यापुढे दोन हुकूम आले, तर कुणाचं ऐकशील?"

तिने पेन निबंधावर ठेवलं.

"आय डोन्ट नो," ती म्हणाली. "मी तुला फोन करीन."

मला रडूच आलं. तेवढ्या एका वाक्यावर मी हात धुतले आणि सही केली.

ट्रेनिंगला पोचल्यावर फोन आधी काढून घेतात, हे ह्यांनी मला सही झाल्यावर सांगितलं.